एचडीआर चालू केलं की गेममधला काळोख राखाडी का होतो? पॅनल, सिग्नल, गेम आणि खोलीतला उजेड वेगवेगळा करून तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. नवीन मॉनिटर आणला, खोक्यावर एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, काळोख आणि उजेड यांतला जास्त फरक दाखवायची सोय) छापलेलं, विंडोजमध्ये जाऊन एचडीआर चालू केलं आणि सगळं फिकं पडलं, गेममध्ये गुहेत शिरलो तर काळोखाच्या जागी दुधट राखाडी धुकं, ब्राइटनेस खाली आणला तर भिंतीवरचा तपशील गेला, वर नेला तर धुकं वाढलं, शेवटी वैतागून एचडीआर बंद. मग कुठूनतरी एखादी सेटिंग कळते, चार दिवस बरं दिसतं, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट होतो आणि परत येरे माझ्या मागल्या.

हे परत परत होतं कारण राखाडी काळ्याची चार वेगळी कारणं आहेत आणि डोळ्याला ती जवळजवळ सारखीच दिसतात. पॅनलला मुळात काळा दाखवता येत नसेल, पीसी आणि स्क्रीनचं सिग्नलवरून जमत नसेल, गेमनेच काळा वर उचललेला असेल किंवा खोलीतला उजेड काचेवर पडत असेल. लोक चारही गोष्टींवर एकच औषध लावतात ते म्हणजे ब्राइटनेसचा स्लायडर, आणि तो तर सगळ्यात शेवटी हलवायची गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी चौघांना वेगळं करा, त्याला अर्धा तास पुरतो आणि पैसा एकही लागत नाही.

आधी ही चाचणी करा

रात्री करा. पेंट उघडा, पूर्ण काळं चित्र भरा, म्हणजे आरजीबी तिन्ही शून्य, आणि ते फुलस्क्रीन करा. खोलीतले दिवे बंद, पडदे बंद, मोबाइल पालथा, आणि दोन-तीन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. आता स्क्रीनकडे बघा आणि मग मॉनिटरचं पॉवर बटण दाबून तो बंद करा. चालू असताना आणि बंद असताना जो फरक दिसला तो पॅनलचा आणि सिग्नलचा वाटा. आता मॉनिटर बंदच ठेवा आणि ट्यूबलाइट लावा. बंद स्क्रीन जितकी राखाडी दिसते तितका वाटा खोलीचा, आणि हा वाटा जगातल्या कुठल्याही सेटिंगने कमी होत नाही कारण स्क्रीन तर बंदच आहे ना.

मग मॉनिटर चालू करून तेच काळं चित्र एचडीआर बंद आणि एचडीआर चालू असं दोन्हीत बघा, विंडोजचं बटण + ऑल्ट + बी दाबलं की एचडीआर चालू-बंद होतं, सेटिंग्जमध्ये जायची गरज नाही. एचडीआर चालू केल्यावर काळं चित्र जास्त उजळ होत असेल तर बॅकलाइटचा (पॅनलच्या मागच्या दिव्याचा) प्रश्न आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहितो. पेंटमधलं काळं व्यवस्थित काळं आणि गेममध्येच राखाडी, तर गेम किंवा त्याची सेटिंग. चित्र मधे ठीक पण कोपऱ्यात पांढुरकं दिसतंय तर डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवून बघा, ते पांढुरकं तुमच्याबरोबर सरकलं तर आयपीएस ग्लो (आयपीएस हा एलसीडी पॅनलचा एक प्रकार), तो त्या पॅनलचा स्वभाव आहे, जागचं हललं नाही तर बॅकलाइट ब्लीड, आणि ते जास्त असेल तर वॉरंटीत बोलून बघायला हरकत नाही.

एक गोष्ट, मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून त्यावरून निष्कर्ष काढू नका. अंधारात कॅमेरा एक्सपोजर वाढवतो आणि चांगल्यातलं चांगलं पॅनल पण राखाडी दिसतं. एचडीआर चालू असताना घेतलेले स्क्रीनशॉट पण पुष्कळदा भलतेच दिसतात, फिके किंवा पांढरे फटक, कारण तो एचडीआरचा डेटा साध्या चित्रासारखा वाचला जातो, त्यावरून डिस्प्ले खराब आहे असं ठरवू नका.

खोलीचा हिशेब, हा कुणी करतच नाही

काचेवर जेवढे लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतात त्याला पृष्ठभागाच्या परावर्तनाने गुणायचं आणि पायने (३.१४ ने) भागायचं की स्क्रीनवर बाहेरून किती निट्स (स्क्रीनच्या उजळपणाचं माप) चढले ते मिळतं. समजा स्क्रीन पडणाऱ्या उजेडापैकी एक टक्का पसरवून परत फेकते आणि खोलीत २०० लक्सचा नीट उजेड आहे. म्हणजे साधारण ०.६४ निट्स. स्क्रीनचा पांढरा २०० निट्सवर ठेवलाय असं धरा. आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) साधारण १०००:१, म्हणजे त्याचा स्वतःचा काळा ०.२ निट्स, त्यात ०.६४ मिळवले की प्रत्यक्षात उरतो २४०:१. व्हीए या दुसऱ्या एलसीडी प्रकाराचा ३०००:१ धरला तर उरतो २८५:१. आणि ओएलईडी, ज्याचा काळा म्हणजे पिक्सेल चक्क बंद, त्याचा उरतो ३१५:१. बघा, कागदावर अनंत आणि हजार एवढा फरक, आणि ट्यूबलाइटखाली ३१५ आणि २४०.

आता उजेड ५ लक्सवर आणा, म्हणजे जवळजवळ अंधार. आयपीएस ९२५ च्या आसपास, व्हीए २४०० च्या आसपास, ओएलईडी साडेबारा हजार. पॅनलमधला फरक इथे दिसायला लागतो. म्हणून "माझा ओएलईडी एवढा महाग घेतला आणि काही विशेष वाटत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो की लाइट कुठे आहे, डोक्यावर की स्क्रीनच्या समोरच्या भिंतीवर. समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट थेट काचेत दिसते, ती बंद करून बाजूचा दिवा लावला तरी फरक पडतो.

सिग्नल: फुल आणि लिमिटेडची भानगड

हा दोष सगळ्यात स्वस्तात सुटतो. पीसीसाठी काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५, टीव्हीच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५. पाठवणाऱ्याने १६ ते २३५ पाठवलं आणि घेणारा ० ते २५५ समजून बसला तर जे काळं असायला हवं ते १६ नंबरचं राखाडी दिसतं. २०० निट्सच्या स्क्रीनवर २.२ गॅमाने (नंबराचा उजेड ठरवणाऱ्या वक्राने) १६ म्हणजे सुमारे ०.४५ निट्स, आणि पांढराही घसरून १६७ वर येतो. म्हणजे ओएलईडी असला तरी कॉन्ट्रास्ट ३७० च्या आसपास! लाखाचा डिस्प्ले आणि एका ड्रॉपडाउनने त्याची ही दशा, म्हणून हे आधी बघा. उलटं झालं, म्हणजे पाठवलं फुल आणि स्क्रीन लिमिटेड समजली, तर सावल्या पार काळ्या ठिक्कर होतात आणि अंधारातला शत्रू दिसतच नाही.

एनव्हिडिया असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रिझोल्यूशन, तिथे खाली एनव्हिडिया कलर सेटिंग्ज निवडा आणि आउटपुट डायनॅमिक रेंज फुल करा. एचडीएमआयने जोडलेल्या स्क्रीनला ड्रायव्हर कधी कधी टीव्ही समजतो आणि आपणहून लिमिटेड लावतो, ड्रायव्हर अपडेटनंतर "परत फिकं झालं" याचं कारण पुष्कळदा हेच असतं. एएमडीमध्ये डिस्प्लेच्या टॅबमध्ये पिक्सेल फॉरमॅट आहे, तिथे आरजीबी ४:४:४ फुल. टीव्हीवर याचीच जोडीदार सेटिंग असते, सॅमसंगवर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल, एलजीवर ब्लॅक लेव्हल. प्लेस्टेशन ५ वर आरजीबी रेंज ऑटोमॅटिक ठेवा आणि टीव्हीवरही ऑटो ठेवा, एक हाताने एक ऑटो असं करू नका, गडबड तिथेच होते. एक्सबॉक्सवर कलर स्पेस स्टँडर्ड.

टीव्ही असेल तर एचडीएमआय पोर्टची सेटिंग पण बघा. सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये एचडीएमआय डीप कलर, सोनीमध्ये एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट एन्हान्स्ड, हे चालू नसेल तर त्या पोर्टवर एचडीआर नीट येतच नाही. आणि एचडीएमआय २.० ची वाट १८ गिगाबिटची, ४के ६० ला १० बिट पूर्ण आरजीबी त्यातून मावत नाही, तेव्हा ड्रायव्हर एक तर ८ बिट डिदरिंग करतो (कमी छटा मिसळून मधल्या छटांचा भास) किंवा ४:२:२ ला उतरतो (रंगाची माहिती कमी करतो). गेममध्ये यात फारसं बिघडत नाही, डेस्कटॉपवरची लाल-निळी अक्षरं मात्र पुसट दिसतात, त्यावरून काळ्याचा दोष केबलवर ढकलू नका. केबल खराब असेल तर काळा राखाडी होत नाही, स्क्रीन ब्लिंक होते, ठिपके चमकतात किंवा सिग्नल जातो.

एचडीआर ४०० चं लेबल

इथे मला जरा जास्त लिहायचंय कारण बहुतेक लोक फसतात ते इथे. व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिस्प्लेएचडीआर हे प्रमाणपत्र २०१७ च्या डिसेंबरमध्ये आणलं, त्यातली सगळ्यात खालची पायरी ४००. या पायरीला लोकल डिमिंग (बॅकलाइटचे भाग वेगवेगळे मंद करणं) असायलाच हवं अशी अट नाही. म्हणजे मागे एकच बॅकलाइट, पूर्ण स्क्रीनला मिळून, आणि तो एचडीआर चालू केल्यावर वर जातो कारण ४०० निट्स गाठायचे असतात. आता हिशेब बघा, साध्या मोडमध्ये तुम्ही मॉनिटर १२० निट्सवर वापरत होता, १०००:१ ने काळा ०.१२ निट्स. एचडीआर चालू, बॅकलाइट ४०० वर, काळा ०.४ निट्स. काळा तिपटीहून जास्त उजळ झाला! एचडीआर म्हणजे काळा आणखी काळा आणि उजेड आणखी उजळ अशी अपेक्षा, आणि हातात आलं भलतंच. यात मॉनिटर बिघडलेला नाही, त्याला एवढंच जमतं.

अशा मॉनिटरवर माझा सरळ सल्ला, एचडीआर बंद ठेवा आणि एसडीआरमध्ये, म्हणजे एचडीआर नसलेल्या साध्या मोडमध्ये खेळा. एसडीआरमध्ये तेच पॅनल १२०-१६० निट्सवर, गॅमा २.२ वर, कलर टेंपरेचर ६५०० के वर जास्त चांगलं दिसेल. लेबलला भुलून जबरदस्तीने एचडीआर वापरण्यात काही अर्थ नाही.

ज्या स्क्रीनवर विंडोज फक्त "एचडीआर व्हिडिओ स्ट्रीमिंग" एवढंच देतं, युज एचडीआरचा स्विचच येत नाही, तिथे तर विषयच संपला. बजेट गेमिंग लॅपटॉपमध्ये आणखी एक भानगड असते, पॅनल ४५ टक्के एनटीएससीचं (रंगांच्या आवाक्याचं एक माप) असतं, म्हणजे एसआरजीबी या संगणकावरच्या नेहमीच्या रंगपट्ट्याचा सुमारे दोन तृतीयांश भागच ते दाखवू शकतं. लाल रंग विटकरी दिसतो, गवत मरगळलेलं दिसतं, आणि लोक डिजिटल व्हायब्रन्स (ड्रायव्हरमधली रंग भडक करायची सेटिंग) वाढवत बसतात. तिथे बाहेरचा मॉनिटर जोडणं हाच उपाय. आणि लॅपटॉप बॅटरीवर असताना चित्र आपोआप फिकं-गडद होत असेल तर इंटेलचं डिस्प्ले पॉवर सेव्हिंग, एएमडीचं व्हॅरी-ब्राइट आणि विंडोजचं कंटेंटनुसार ब्राइटनेस बदलणं हे तिन्ही बंद करा, ते बॅटरी वाचवायला कॉन्ट्रास्टशी खेळत असतात.

डेस्कटॉप फिका, गेम ठीक

काहींचं दुखणं वेगळं असतं, एचडीआर गेम मस्त दिसतो पण एचडीआर चालू ठेवून जुना गेम किंवा ब्राउजर उघडला की सावल्या धुतल्यासारख्या. याचं कारण विंडोज एसडीआर चित्राला एसआरजीबीच्या तुकड्या-तुकड्याच्या वक्राने उलगडतं आणि आपले मॉनिटर मात्र वर्षानुवर्षं साध्या २.२ गॅमाने दाखवत आलेत. दोन्हींत फरक पडतो तो नेमका गडद छटांमध्ये, तिथे एसआरजीबीचा वक्र थोडा वर असतो. म्हणून फिकेपणा चेहऱ्यावर नाही, कोपऱ्यातल्या अंधारात जाणवतो. उपाय साधा आहे, एसडीआर गेम खेळताना एचडीआर बंद, एचडीआर गेम सुरू करण्यापूर्वी चालू, तेवढ्यासाठीच तो विंडोज + ऑल्ट + बी चा शॉर्टकट पाठ करा. एचडीआर कायम चालूच ठेवायचं असेल तर सेटिंग्जमधला एसडीआर कंटेंट ब्राइटनेसचा स्लायडर खोलीच्या उजेडाप्रमाणे खाली आणा, गॅमाचा फरक त्याने जात नाही पण डोळ्याला कमी खुपतो.

प्लेस्टेशन ५ वर हीच गोष्ट एचडीआरच्या सेटिंगमध्ये आहे, ऑलवेज ऑन ऐवजी ऑन व्हेन सपोर्टेड निवडा म्हणजे एसडीआर गेमला उगाच एचडीआरचं पांघरूण मिळत नाही.

विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्टचं विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन नावाचं ॲप स्टोअरमध्ये फुकट मिळतं, ते चालवाच. त्यात सगळ्यात गडद, सगळ्यात उजळ आणि पूर्ण स्क्रीन उजळ अशा नक्ष्या येतात आणि नक्षी जेमतेम दिसेनाशी होईल तिथे थांबायचं. हे ज्या उजेडात खेळता त्याच उजेडात करा, दुपारी पडदे उघडे ठेवून केलं आणि रात्री अंधारात खेळलात तर काळ्याची पातळी चुकलेली असणार.

टोन मॅपिंग दोनदा होत असेल तर

एचडीआर१० म्हणजे नेहमीचा एचडीआर फॉरमॅट, त्याचा पीक्यू नावाचा उजेडाचा वक्र १०,००० निट्सपर्यंत जातो. घरातला कुठलाच डिस्प्ले तिथे पोचत नाही, म्हणून कुणीतरी तो उजेड दाबून स्क्रीनच्या आवाक्यात बसवावा लागतो, याला टोन मॅपिंग. प्रश्न हा की कुणी करायचं. गेमनेही केलं आणि टीव्हीनेही केलं तर चित्र सपाट होतं, सूर्य आणि पांढरी भिंत सारखीच दिसते. २०१८ मध्ये एचजीआयजी नावाच्या गटाने यावर तोडगा सुचवला, गेमला स्क्रीनची मर्यादा सांगा आणि टीव्हीने हात लावू नये. एलजीच्या टीव्हीवर डायनॅमिक टोन मॅपिंगमध्ये एचजीआयजी हा पर्याय थेट मिळतो, तो निवडा आणि मग कन्सोलवरचं ॲडजस्ट एचडीआर परत करा, क्रम महत्त्वाचा आहे, आधी टीव्ही मग कन्सोल. ज्या टीव्हीवर हे नाव नाही तिथे डायनॅमिक टोन मॅपिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक एन्हान्सर असलं सगळं बंद करून बघा. मॉनिटरवरचं ब्लॅक इक्वलायझर किंवा शॅडो बूस्ट पण शून्यावर, ते स्पर्धात्मक शूटरमध्ये कोपऱ्यातला माणूस दिसावा म्हणून मुद्दाम काळा उचलतं. कितीतरी जणांचा राखाडीपणा फक्त या एका सेटिंगमुळे असतो आणि ती कधी चालू केली होती तेही आठवत नसतं.

गेमच्या आत दोन स्लायडर असतात. पीक ब्राइटनेस म्हणजे तुमच्या स्क्रीनची खरी कमाल, ६०० निट्सची स्क्रीन असेल तर ६००, उगाच ४००० लावून काही फुकट मिळत नाही. पेपर व्हाइट म्हणजे साध्या पांढऱ्या वस्तूची, मेनूची, बर्फाची उजळता. अंधाऱ्या खोलीत २०० च्या आसपास ठेवा, उजेडात थोडा वर. लोक चित्र अंधारं वाटलं की पीक वाढवतात, वाढवायला हवा असतो पेपर व्हाइट.

कधी कधी गेमच तसा असतो

हे मान्य करावं लागतं. रेड डेड रिडेम्पशन २ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा त्याच्या एचडीआरवर खूप टीका झाली, चित्र एसडीआरच ताणल्यासारखं होतं, आणि मे २०१९ च्या अपडेटमध्ये एचडीआरला गेम आणि सिनेमॅटिक असे दोन मोड द्यावे लागले. अशा गेममध्ये तुम्ही घरी बसून स्क्रीनच्या सेटिंग बदलत राहिलात तर बाकीचे गेम मात्र बिघडतील. म्हणून एक गेम राखाडी दिसला तर दुसरे दोन लावून बघा, ते ठीक असतील तर स्क्रीनला हात लावू नका.

दुसरी गोष्ट गेममधल्या प्रकाशाची. जुन्या पद्धतीत प्रकाश आधीच शिजवून टेक्श्चरवर बसवलेला असतो किंवा ठिकठिकाणी प्रोब (प्रकाश नोंदवणारे बिंदू) ठेवून अंदाजाने पसरवलेला असतो. या प्रोबना भिंत नीट कळत नाही, मग बाहेरचा दिवसाचा उजेड बंद खोलीत झिरपतो, पलंगाखाली, कपाटामागे जिथे गडद असायला हवं तिथे एकसारखी राखाडी छटा. ॲम्बियंट ऑक्लूजन (खाचा-कोपऱ्यांत सावली भरणारी सेटिंग) बंद असेल तर हे आणखी वाईट दिसतं, त्यामुळे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाचवायला ऑक्लूजन बंद करणाऱ्यांनी आधी सावल्यांचं रिझोल्यूशन किंवा व्हॉल्युमेट्रिक धुकं कमी करावं, ऑक्लूजन शक्यतो शेवटी. रे ट्रेसिंगचा (प्रकाशाच्या किरणांचा माग काढून चित्र बनवण्याचा) खरा फायदा मला चकचकीत डबक्यांपेक्षा इथे वाटतो, ग्लोबल इल्युमिनेशन (वस्तूंवरून परतून पसरणारा प्रकाश) रे ट्रेस केलं की जिथे प्रकाश पोचत नाही तिथे खरोखर अंधार होतो. मेट्रो एक्झोडसची २०२१ ची एन्हान्स्ड आवृत्ती फक्त रे ट्रेसिंगवाल्या कार्डवरच चालते आणि तिच्यातल्या घरांच्या आतला अंधार मूळ गेमशेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. सायबरपंक २०७७ मध्ये एप्रिल २०२३ ला पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचंच पुढचं रूप) आलं, तिथेही गल्लीबोळातला फरक हाच.

पण म्हणजे ०.४ निट्सचा काळा दाखवणाऱ्या पॅनलवर महागडं कार्ड लावून तो अंधार दिसेल का, तर नाही. कार्डने शून्य पाठवलं तरी पॅनल ०.४ च दाखवणार. बजेट एकच असेल आणि तुमचं कार्ड आत्ताच्या गेमना पुरत असेल तर आधी डिस्प्ले बदला, माझं मत पक्कं आहे.

मग कुठला डिस्प्ले

आयपीएस रंगाला आणि कोनाला चांगला, काळ्याला कमजोर. २०२२ पासून आयपीएस ब्लॅक नावाचा प्रकार आलाय त्यात कॉन्ट्रास्ट दुप्पट म्हणजे २०००:१. व्हीए तीन ते पाच हजारापर्यंत जातो, किमतीच्या मानाने काळा छान, पण काळ्यातून राखाडीत जाताना पिक्सेल हळू उठतो, अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवला की मागे काळे ओघळ येतात. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल वेगाने बदलायची मॉनिटरची सेटिंग) एक पायरी वर करून बघा, फार वर केलं तर उलट पांढऱ्या कडा दिसतात. ओघळ खुपत असतील तर तो मॉनिटर परत करा, सवय होईल म्हणून थांबू नका.

मिनी एलईडी म्हणजे एलसीडीच, पण मागे शेकडो ते हजारो झोनचा (स्वतंत्रपणे उजळणाऱ्या भागांचा) बॅकलाइट. ४के मध्ये ८२,९४,४०० पिक्सेल, ११५२ झोन असतील तर एका झोनच्या वाट्याला ७२०० पिक्सेल. ५७६ झोन असतील तर १४,४००. आणि काठावरून प्रकाश टाकणारे १६ झोनवाले मॉनिटर घेतले तर एका झोनला पाच लाखांच्या वर, तिथे दिवाळीत एका खिडकीत आकाशकंदील लावायचा म्हणून पूर्ण मजल्याचे दिवे लावावे लागावेत तसं होतं. काळ्या पडद्यावर पांढरा कर्सर फिरवा, त्याच्याभोवती जे वलय फिरतं ते ब्लूमिंग. लोकल डिमिंग हाय वर वलय कमी पण आकाशातले बारीक तारे गायब, मीडियमवर तारे दिसतात पण वलय वाढतं, गेम बघून ठरवा. काही मॉनिटरवर लोकल डिमिंग मुळात बंद येतं किंवा एसडीआर आणि एचडीआरला वेगळं लावावं लागतं, नवीन मिनी एलईडी आणून "काही फरक नाही" वाटत असेल तर पहिलं हे उघडा.

ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, वलयाचा प्रश्नच नाही. व्हेसाची ट्रू ब्लॅक ४०० पायरी काळ्यासाठी ०.०००५ निट्सची मर्यादा मागते, वरच्या एचडीआर ४०० मॉनिटरच्या ०.४ च्या शेजारी हा आकडा ठेवा, दोन्ही लेबलांवर ४०० च आहे म्हणून दुकानात घोळ होतो. पण ओएलईडी पूर्ण स्क्रीन पांढरी आली की उजेड आवरतो, मॉनिटरवर छोट्या भागात १००० निट्स देणारं पॅनल पूर्ण पांढऱ्यावर साधारण २५० वर येतं. बर्फाचा सीन आला आणि स्क्रीन मंद झाली तर घाबरू नका, ते संरक्षण आहे. क्यूडी-ओएलईडी मॉनिटर २०२२ पासून आले, रंगाला अप्रतिम, पण त्यांच्यात पोलरायझरचा (प्रकाश गाळणारा) थर नसल्यामुळे उजेडात काळा किंचित जांभळट-राखाडी दिसतो. तुमची खोली रात्री अंधारी करता येत असेल तर बिनधास्त घ्या. हॉलमध्ये घरातले सगळे बसलेत, लाइट चालूच असणार, समोर गॅलरीचं दार, तर चांगल्या झोनवाला मिनी एलईडी जास्त उपयोगाचा. एकच गेम रोज तासन्तास, तोच एचयूडी (स्क्रीनवर कायम दिसणारे आकडे-पट्ट्या), तोच मिनीमॅप असेल तर ओएलईडीच्या बर्न-इनचा (स्थिर चित्राचा डाग कायमचा राहण्याचा) विचार करा, टास्कबार लपवा, पिक्सेल रिफ्रेश मधेच तोडू नका.

दुकानात बघायला गेलात, लॅमिंग्टन रोड असो की मॉलमधली शोरूम, तर व्हिव्हिड मोडमधल्या फुलांच्या डेमोवर जाऊ नका. काळ्या पार्श्वभूमीवर छोटा पांढरा ठिपका फिरतोय अशी क्लिप पेनड्राइव्हवर न्या आणि पिक्चर मोड स्टँडर्ड किंवा गेम करायला सांगा. शोरूमच्या झगझगाटात ओएलईडी आणि व्हीए सारखेच दिसणार हे वरच्या हिशेबात आलंच.

खोलीतला दिवा

पूर्ण अंधारात खेळलं तर डोळे दुखतात ही पण खरी अडचण आहे. त्यावर चांगला उपाय म्हणजे स्क्रीनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून लावलेला मंद पांढरा दिवा. तो उजेड काचेवर पडत नाही, मागच्या भिंतीवर पडतो, बुबुळ थोडं आकसतं आणि तोच काळा जास्त काळा वाटतो. ६५०० के पांढरा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर, आणि उजेड स्क्रीनच्या पांढऱ्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे कूल डेलाइट नावाने मिळणारे एलईडी बहुधा ६५०० के चेच असतात, त्यामुळे रंगाचं तापमान जुळवणं सोपं आहे, सीआरआय मात्र खोक्यावर वाचा. २७०० के चा पिवळा वॉर्म दिवा मागे लावला तर चांगली कॅलिब्रेट केलेली स्क्रीन पण निळी वाटायला लागते. भिंत गुलाबी किंवा पिस्ता रंगाची असेल तर उजेड त्या रंगाचा होऊन येतो, तिथे मागे पांढरं किंवा राखाडी कार्डबोर्ड लावलं तरी चालतं. रंग बदलणाऱ्या आरजीबी पट्ट्या दिसायला मजेशीर आहेत, पण काळा आणि त्वचेचा रंग नीट बघायचा असेल तेवढा वेळ त्या पांढऱ्यावर ठेवा. आणि नाइट लाइट बंद करा, रात्री ते आपोआप चालू होतं आणि मग माणूस रंगाच्या सेटिंग उचकत बसतो.

सगळं करून अंधारात लुकलुक उरली तर

हे राखाडीचंच भावंड आहे. ओएलईडी आणि व्हीए दोन्हींवर व्हीआरआर (स्क्रीनचा रिफ्रेश रेट गेमच्या वेगाप्रमाणे बदलायची सोय) चालू असताना एफपीएस वर-खाली झाला की गडद राखाडी भाग थरथरतो, कारण काळ्याजवळचा गॅमा एका ठराविक रिफ्रेश रेटला जुळवलेला असतो आणि रेट बदलला की तो किंचित सरकतो. लोडिंग स्क्रीनवर हे सगळ्यात जास्त दिसतं. पॅनल खराब झालंय असं समजून बदलून आणलं तर नवीनमध्येही तेच दिसेल. एफपीएसला मर्यादा घाला, जिथे गेम स्थिर राहतो तिथे, म्हणजे ७० ते ११० मधे नाचणाऱ्या गेमला ७० वर बांधा, लुकलुक बरीच बसते. मॉनिटरचं फर्मवेअर अपडेट आलं असेल तर तेही करा, काही मॉडेलमध्ये मेनूतच व्हीआरआरची लुकलुक कमी करायचा पर्याय असतो. तरीही थांबली नाही तर त्या एका गेमपुरता ड्रायव्हरच्या प्रोफाइलमधून व्हीआरआर बंद करा, बाकी गेमना चालू राहू द्या.